स्कीची पोलादी कड



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. शाळेंत आम्हीं मास्तर मंडळींनींही मुलांना बहुतांशीं तोच इतिहास शिकविला, कारण परीक्षेंतील प्रश्न त्यावरच येत. परंतु माणसाच्या हातांतील लहानसहान वस्तूंनाही स्वतःचा इतिहास असतो, आणि माणसाची बुद्धि, त्याची भीति व त्याचा उद्योग त्यांत अगदीं जवळून पाहावयास मिळतात. आज मी अशाच एका वस्तूची हकीकत आपणांस सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे बर्फावरून घसरत जाण्यासाठीं पायांस बांधावयाच्या स्कीला दोन्ही कांठांनीं बसविलेली पोलादाची कड. रुंदीला ती सुमारें दोन मिलिमीटर भरते. ज्वारीच्या दाण्याचा निम्मा भाग म्हणा ना! एवढ्याशा पोलादावर गेलीं सुमारें शंभर वर्षें डोंगर चढणारीं माणसें आपला जीव तोलीत आलीं आहेत. आणि ती कड नीट राखण्याचें काम आजही पुष्कळसें घरांतील टेबलावरच होतें.

स्की म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. सुमारें पुरुषभर लांब, वीतभरही रुंद नसलेली आणि पुढच्या टोकाशीं वर वळलेली अशी ती एक पट्टी असते. अशा दोन पट्ट्या दोन पायांना बांधल्या म्हणजे शरीराचा भार बर्फावर पसरतो, पाय रुतत नाहींत आणि उतारावरून वेगानें घसरत जातां येतें. युरोपांतील थंड हवेच्या गांवीं आज डोंगरावर चढावयास तारेवरून चालणारे पाळणे असतात. त्यांत बसून वर जावें, घसरत खालीं यावें, आणि पुन्हां पाळण्यांत बसावें, असा खेळ लाखों लोक खेळतात. स्कीवरील गिर्यारोहण ही विद्या त्याहून निराळी. तिच्यांत मनुष्य स्वतःच्या पायांनींच डोंगर चढतो. चढतांना तो स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवितो. ह्या पट्ट्यांचे केस मागें वळलेले असल्यामुळें स्की पुढें सरकते, पण मागें घसरत नाहीं. पूर्वीं हे पट्टे सील नांवाच्या जलचराच्या कातड्याचे असत. हल्लीं ते अंगोरा बकऱ्याच्या लोंकरीचे किंवा नायलॉनचे करतात. शिखरावर अथवा खिंडींत पोंचल्यावर पट्टे काढून तो उतारावरून खालीं येतो. तेथें दुकान नसतें, कारागीर नसतो, आणि बहुधा हांकेच्या अंतरावर दुसरें माणूसही नसतें. घरून जशी स्की आणली असेल तशीच ती त्याच्या पायाखालीं असते.

स्कीचें माहेर उत्तर युरोप. तेथें ती शेंकडों वर्षें शेतकऱ्यांच्या व शिकाऱ्यांच्या रोजच्या उपयोगांत होती. नॉर्वेंतील टेलेमार्क प्रांताचा सोन्द्रे नोरहाइम ह्यानें १८६८ सालीं ख्रिस्तिआनिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथील स्पर्धेंत आपलें कसब दाखविलें, आणि स्की ही प्रवासाची सोय होती ती हळूहळू एक कलाही झाली. पुढें १८८८ सालीं फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यानें पांच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें. त्या प्रवासाचें त्याचें पुस्तक १८९० सालीं निघालें, त्याचें जर्मन भाषांतरही लौकरच झालें, आणि ऑस्ट्रिया, जर्मनी व स्वित्झर्लंड ह्या देशांतील तरुणांच्या मनांत ह्या लांकडी पट्ट्यांचें वेड शिरलें.

आल्प्सचे डोंगर मात्र नॉर्वेच्या डोंगरांपेक्षां अधिक उभे. १८९३ सालीं क्रिस्टोफ इसेलिन ह्यानें ग्लारुस प्रांतांतील प्रागेल खिंड स्कीवरून पार केली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९४ च्या मार्च महिन्यांत, आर्थर कॉनन डॉइल हा दाव्होस गांवच्या ब्रांगर बंधूंबरोबर डोंगर ओलांडून आरोसा येथें गेला. शेरलॉक होम्सच्या गोष्टी आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचल्या असतील. त्यांचा कर्ता तो हाच. ह्या सफरीचें वर्णन त्यानें 'स्ट्रँड' मासिकांत मोठ्या विनोदानें लिहिलें आहे. वाटेंत एक उतार इतका उभा लागला कीं, स्की पायांतून काढून, एकत्र बांधून, त्यांची घसरगाडी करावी लागली. डॉइलची जोडी तर त्याच्या अंगाखालून निसटून त्याच्या आधींच खालीं पोंचली, आणि त्या बिचाऱ्यास उरलेला उतार बसूनच उतरावा लागला. वाचकाला ह्या प्रसंगाचें हसूं येतें. परंतु त्या काळच्या स्कीची मर्यादाही त्यांतून कळते. उतार उभा व कठीण झाला कीं तिची पकड सुटत असे.

तरीही माणसें थांबलीं नाहींत. ऑस्ट्रियांतील लीलिएनफेल्ड येथें राहणारा माथियास झ्दार्स्की ह्यानें उभ्या उतारावर वळावें कसें ह्याचें शास्त्र बसविलें आणि तें पुस्तकरूपानें लोकांपुढें ठेविलें. १८९७ सालीं विल्हेल्म पाउल्के ह्यानें चार सोबत्यांसह बर्नीज ओबरलंडच्या हिमनद्या स्कीवरून पार केल्या. १९११ सालीं फ्रान्समधील शामोनीपासून स्वित्झर्लंडमधील त्सेरमाटपर्यंतची सारी उंच वाट स्कीवरून पुरी झाली. हीं सर्व कामें निव्वळ लांकडी स्कींवर झालीं. तें लांकूड बहुधा ॲश नांवाच्या झाडाचें असे, नाहींतर अमेरिकेंतून येणाऱ्या कठीण हिकरीचें. त्यांचे कांठ सुताराच्या रंध्यानें चौरस केलेले असत; परंतु गारठलेल्या बर्फावर व मधून मधून लागणाऱ्या दगडांवर ते झिजून गोल होत. गोल झालेल्या लांकडी कांठाला उपाय थोडा. पुन्हां रंधा मारावा तर स्कीच बारीक होत जाणार. लांकूड जात्याच मऊ, त्याला धार ती कितीशी यावी!

आतां कोणी विचारील कीं, बर्फ तर मऊ असतें, मग धार कशाला हवी? येथेंच ह्या गोष्टीचें मर्म आहे. नुकतेंच पडलेलें बर्फ पिठासारखें मऊ असतें हें खरें, परंतु उंच डोंगरांवरील स्कीचा उत्तम हंगाम हिंवाळा नसून वसंतऋतु होय. त्या दिवसांत ऊन कडक असतें. दिवसा वरचा थर वितळतो आणि रात्रीं पुन्हां गोठतो. असें कांहीं दिवस झालें म्हणजे वर एक जाड कवच तयार होतें. पहाटे तें दगडासारखें कठीण असतें; दुपारच्या सुमारास त्याचा वरचा बोटभर भाग मऊ होऊन घसरण्यास अत्यंत सुखाचा होतो; आणि त्यापुढें सर्वच थर भिजून हिमप्रपात कोसळण्याचें भय उत्पन्न होतें. म्हणून डोंगर चढणारा मनुष्य अंधार असतांनाच निघतो आणि ऊन चढण्यापूर्वीं खालीं येण्याची घाई करतो. ह्याचा अर्थ असा कीं, सुरक्षिततेसाठीं त्याला जी वेळ निवडावी लागते, तीच नेमकी बर्फ सर्वांत कठीण असण्याची वेळ होय.

वसंतांतील ह्या बर्फाचा अभ्यास ज्यांनीं केला त्यांत अर्नोल्ड लन् ह्या इंग्रज गृहस्थाचें नांव अग्रगण्य आहे. त्याचा जन्म १८८८ सालीं आपल्याकडे मद्रासेस झाला; त्याचा बाप तेथें मिशनमध्यें डॉक्टर होता. १९१७ सालीं लन् ह्यानें जोसेफ क्नूबेल ह्या वाटाड्याबरोबर डोम हें ४,५४५ मीटर उंचीचें शिखर प्रथमच स्कीच्या साहाय्यानें चढून दाखविलें. जें शिखर संपूर्णपणें स्वित्झर्लंडच्या हद्दींत आहे, असें हें तेथील सर्वांत उंच शिखर. कोणत्या महिन्यांत, कोणत्या तासाला, कोणत्या दिशेच्या उतारावर बर्फ कसें असतें, ह्याचें ज्ञान लन् ह्यानें लोकांना दिलें. परंतु ज्ञान झालें तरी पायाखालची पट्टी लांकडाचीच होती.

बर्फांत कड रुतते ती कोणत्या न्यायानें, हें आपल्या घरांतील विळीवरून सहज ध्यानांत येईल. हाताचा जोर तोच असतांही बोथट विळीवर भोपळा दबतो आणि पाजळलेल्या विळीवर तो चिरला जातो. जोर वाढलेला नसतो. तो ज्या जागेवर पडतो ती जागा अरुंद झालेली असते. सत्तर किलो वजनाचा मनुष्य स्की सपाट ठेवून उभा राहिला तर त्याचा भार हजारों चौरस सेंटिमीटरांवर पसरतो. तीच स्की त्यानें डोंगराच्या बाजूला कलती केली कीं सारा भार एका रेघेवर येतो. ती रेघ तीक्ष्ण असेल तर कवचांत रुतून बसते, आणि गोल असेल तर त्यावरून घरंगळते.

आतां ह्या कथेचा नायक पुढें येतो. त्याचें नांव रुडोल्फ लेट्नर. तो ऑस्ट्रियांतील साल्झबर्गच्या बाजूचा, धंद्यानें हिशेबनीस, आणि आवडीनें डोंगर चढणारा. पहिलें महायुद्ध चालू असतांना, १९१७ च्या हिंवाळ्यांत, तो स्कीवरून डोंगरांत गेला असतां एका गोठलेल्या उतारावर घसरला. स्कीचे लांकडी कांठ त्या कठीण बर्फावर कांहीं केल्या धरेनात. अखेर हातांतील काठीचें पोलादी टोक बर्फांत रोवून त्यानें कसाबसा जीव वांचविला. अशा प्रसंगांतून सुटलेला मनुष्य देवाचे आभार मानतो आणि घरीं जातो. लेट्नर ह्यानें तेवढ्यावर विषय संपविला नाहीं. काठीच्या टोकाशीं बसविलेल्या पोलादाच्या एका बिंदूनें मला धरिलें, तर तेंच पोलाद स्कीच्या सबंध कांठाला कां असूं नये, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला. त्याच्या उत्तराला नऊ वर्षें लागलीं. १९२६ सालीं त्यानें आपल्या पोलादी कडेचें पेटंट मिळविलें.

ती रचना अशी होती: स्कीच्या तळाच्या दोन्ही कांठांना एक उथळ खांच पाडावयाची, तींत पोलादाच्या पट्टीचे लहान लहान तुकडे एकापुढें एक बसवावयाचे आणि प्रत्येक तुकडा बारीक स्क्रूंनीं लांकडाला आवळावयाचा. स्क्रूंचीं डोकीं पट्टींत बुडालेलीं असावयाचीं, म्हणजे तीं बर्फाला अडणार नाहींत. एक सलग पट्टी न घेतां तुकडेच कां घेतले, ह्यालाही कारण आहे. स्की ही धनुष्यासारखी लवली पाहिजे. लांकूड लवतें, ओल लागली कीं फुगतें, आणि वाळलें कीं आकसतें. पोलादाला त्याच्याबरोबर तसें फुगतां वा आकसतां येत नाहीं. सलग पट्टी बसविली तर एक तर स्कीची लवचिकता जाईल, नाहींतर पट्टीच उखडून येईल. तुकड्यांमधील सांध्यांमुळें लांकूड मोकळें लवूं लागलें. माझ्या मतें ह्या युक्तींत लेट्नर ह्याची खरी बुद्धिमत्ता दिसून येते.

मात्र ह्या युक्तीबरोबर एक नवें कर्तव्य घरांत आलें. लवण्यानें व ओलीनें स्क्रू ढिले होत. एखादा तुकडा अर्धवट सुटला कीं त्याचें टोक बाहेर येऊन स्की अडखळे. दगडावर आपटून तुकडे मोडत, आणि ते मधोमध, म्हणजे जेथें त्यांची सर्वांत अधिक गरज, तेथेंच बहुधा मोडत. म्हणून त्या काळचा गिर्यारोहक आपल्या पिशवींत स्क्रू पिळण्याचा पेचकस, दोनचार जादा तुकडे आणि स्क्रूंची पुडी बाळगूं लागला. संध्याकाळीं डोंगरांतील झोपडींत किंवा घरीं परतल्यावर स्की मांडीवर आडवी घेऊन, कडेवरून बोट फिरवीत, एकेक स्क्रू तपासून पाहणें हा त्याचा नेम झाला. स्क्रूचें भोंक सैल झालें असेल तर त्यांत सुताराप्रमाणें सरस लावून लांकडाची चिलपी ठोकावयाची आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हां पिळावयाचा. लांकडी कांठाची झीज मनुष्य दैवावर सोडूं शकत होता. पोलादी कडेचा हिशेब मात्र त्याचा त्यालाच ठेवावा लागला. हिशेबनिसानें जगाला दिलेली देणगी हिशेबाशिवाय वापरतां येऊं नये, हें योग्यच म्हणावयाचें.

१९३० च्या सुमारास शर्यतीच्या खेळाडूंनीं ही कड उचलली आणि थोड्याच वर्षांत ती सर्वत्र झाली. १९३१ सालीं म्यूरेन येथें उतरणीच्या स्कीची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिच्यामागें पूर्वीं उल्लेखिलेल्या लन् ह्याचेच परिश्रम होते. १९३३ सालीं इटलींत, हिमप्रपातांत मृत्यु पावलेल्या ओत्तोरिनो मेत्सालामा ह्या गिर्यारोहकाच्या स्मरणार्थ, मोंते रोझाच्या हिमनद्यांवरून जाणारी शर्यत सुरू झाली. १९४३ सालीं स्विस लष्करानें त्सेरमाट ते व्हेर्बिएर अशी गस्ती पथकांची स्पर्धा आरंभिली. १९४९ सालीं त्या स्पर्धेंतील तीन जण हिमनदीच्या भेगेंत पडून मरण पावले व तिजवर बंदी आली. ती पुढें १९८४ सालीं पुन्हां सुरू झाली. त्याच महायुद्धांत अमेरिकेनें कोलोराडोंतील कँप हेल येथें डोंगरी लढाईसाठीं एक सबंध डिव्हिजन तयार केली. तिच्या सैनिकांना ज्या लांकडी स्की दिल्या त्यांनाही स्क्रूंनीं बसविलेल्या तुकड्यांच्या कडा होत्या. युद्ध संपल्यावर त्या स्की स्वस्तांत विकल्या गेल्या, आणि त्यांबरोबर पेचकस घेऊन कड आवळण्याची विद्याही अनेक सामान्य घरांत पोंचली.

तिसरा काळ १९५० पासून सुरू होतो. हॉवर्ड हेड हा विमानाच्या धंद्यांत काम केलेला अमेरिकन. त्यानें ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्यें लांकूड दाबून चिकटविलेली स्की बाजारांत आणली आणि तिला पोलादी कड सलग बसविली. पुढें १९५५ च्या सुमारास पॉलिथीनचे तळ आले, नंतर काचतंतूंच्या स्की आल्या; आणि कड हा स्कीच्या अंगाचाच एक भाग होऊन बसला. आज तिचा छेद इंग्रजी 'एल्' अक्षरासारखा असतो. आडवा पाय स्कीच्या पोटांत चिकटविलेला आणि उभा भाग कांठाशीं उघडा. स्क्रू गेले, त्यामुळें ढिलेपणाही गेला. मोडलेला तुकडा काढून दुसरा बसविण्याची सोयही त्याबरोबरच गेली. जी कड कारखान्यांतून मिळते तीच स्कीच्या जन्मभर पुरवावी लागते.

म्हणून आजचें घरगुती काम हें धार राखण्याचें आहे. तें कसें करतात, हें मी थोडक्यांत सांगतों. कारण त्याच्या प्रत्येक पायरीला कांहीं कारण आहे.

पहिलें काम डोंगरावरून परत आल्याबरोबर करावयाचें. चिकटविलेले पट्टे काढून घ्यावे, स्की कोरड्या फडक्यानें पुसावी, आणि उबदार जागीं उघडी ठेवावी. ओले पट्टे रात्रभर स्कीला तसेच राहिले तर सकाळपर्यंत कडेवर तांबेरा चढतो. ओल्या पिशवींत बांधून ठेवलेल्या स्कीचीही तीच गत होते.

दुसरें काम परीक्षेचें. कड बोटाच्या नखावरून हलकेंच ओढून पाहावी. नखाचा बारीक कीस निघाला तर धार शाबूत आहे. नुसती घसरली तर बोथट झाली आहे. नंतर कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा. जेथें धागे अडकतील तेथें दगडावर आपटून पोलाद वर आलें आहे असें समजावें. अशा जागीं एकदम कानस घालूं नये. दगडावर वेगानें घांसली जातांना कड क्षणभर अतिशय तापते आणि बर्फांत लगेच थंड होते. लोहार पोलादाला पाणी देतो तसेंच तेथें होतें. ती जागा इतकी कठीण होते कीं, तिजवर कानशीचेच दांते जातात. म्हणून तेवढा भाग आधीं कुरुंदाच्या किंवा हिरकणीच्या दगडानें घांसून सपाट करावा.

तिसरें काम कोनाचें. कडेला दोन बाजू असतात, एक तळाकडील आणि दुसरी बाहेरची. तळाकडील बाजू तळाशीं अगदीं सपाट न ठेवतां अर्ध्या ते एक अंशानें उचललेली असते, नाहींतर सरळ जातांनाही स्की उगाच अडते. ही बाजू एकदां बसली कीं वारंवार खरवडूं नये. तिचा कोन वाढला तर सबंध तळ घांसल्यावांचून तो पूर्ववत् होत नाहीं. धार लावावयाची ती बाहेरच्या बाजूनें. दोन बाजूंमधील कोन काटकोनाहून किंचित् कमी, साधारणतः ८७ ते ८९ अंश, ठेवतात. तो हातानें साधत नाहीं. त्यासाठीं कानस ठराविक कोनांत धरून ठेवणारा एक लहानसा ठोकळा मिळतो. आरंभीं कडेवर शाईची रेघ ओढावी आणि दोन हलके हात द्यावे. रेघ सर्व रुंदीवर सारखी पुसली गेली तर कोन बरोबर आहे; वर किंवा खालीं शाई उरली तर चुकतो आहे.

कानस एकाच दिशेनें, टोकाकडून शेपटाकडे, हलक्या व लांब हातानें चालवावी. मागेंपुढें करवतीसारखी ओढली तर तिचे दांते बोथट होतात. मधून मधून तारेच्या ब्रशानें तींतील कीस झाडावा, आणि तळावर पडलेला कीसही पुसून काढावा, नाहींतर तो मऊ तळांत रुतून बसतो. स्की हलूं नये म्हणून ती टेबलाला चापानें घट्ट धरावी, आणि हातांत मोजे घालावे. नवी धार बोट कापण्यास मागेंपुढें पाहत नाहीं. कानशीनंतर हिरकणीचा दगड पाण्यांत बुडवून फिरविला म्हणजे चरे जातात. शेवटीं कडेच्या टोकाशीं केसासारखें जें पोलाद लोंबत राहतें तें रबरी दगडाच्या एका हलक्या हातानें काढावें. न्हावी वस्तरा दगडावर लावल्यावर चामोट्यावर ओढतो, त्यांतलाच हा प्रकार. पुढचें टोक व शेपूट जेथें वर वळतें तेथील धार मात्र थोडी मारून ठेवतात, म्हणजे वळतांना स्की अवचित अडकत नाहीं.

हंगाम संपला कीं तळावर व कडेवर इस्त्रीनें मेणाचा जाड थर द्यावा आणि तो न खरवडतां स्की कोरड्या जागीं ठेवावी. पावसाळ्यापूर्वीं आपल्याकडे लोखंडी हत्यारांना तेलाचें बोट लावून ठेवतात, त्याच समजुतीनें हें करावयाचें.

हें सर्व ऐकून एखादा उत्साही मनुष्य दर आठवड्याला कानस घेऊन बसेल. त्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिर्यारोहणाची स्की पाठीवर व पायांवर वाहून न्यावयाची असल्यामुळें ती हलकी करतात, आणि तिची कडही पुष्कळदां नेहमींच्या स्कीपेक्षां बारीक असते. कानशीचा प्रत्येक हात त्या थोड्या शिलकेंतून खर्च होत असतो, आणि ह्या खात्यांत जमेची बाजूच नाहीं. म्हणून जाणते लोक हिरकणीचा दगड वारंवार, आणि कानस क्वचित्, असा नियम पाळतात. धारेचा लोभ फार धरला तर कडच संपते, आणि आळस केला तर धार जाते. ह्या दोहोंमधील मार्ग ज्याला साधला त्याची स्की पुष्कळ वर्षें टिकते.

ह्या कडेची मर्यादाही सांगणें अवश्य आहे. हिमप्रपातापासून ती कोणाला वांचवीत नाहीं. कांचेसारख्या निळ्या बर्फावर स्की काढून बुटांना कांटे बांधावे लागतात आणि हातांत कुदळी घ्यावी लागते. परंतु गोठलेल्या कवचाचा जो मधला प्रदेश, तो ह्याच कडेच्या अधिकारांत येतो, आणि तेथें पहिल्या वळणाला स्की धरली नाहीं तर दुसऱ्या वळणाची संधि बहुधा मिळत नाहीं. १९६७ सालीं सिल्व्हँ सोदाँ ह्या स्विस गृहस्थानें शामोनीजवळील स्पेन्सर नांवाची उभी घळ स्कीवरून उतरून दाखविली. २००० सालीं स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार एव्हरेस्टच्या शिखरापासून स्कीवरून खालीं आला, आणि २०१८ सालीं पोलंडचा आंद्रेई बार्गिएल के-टू शिखरावरून उतरला. ह्या पराक्रमांना धैर्य लागलें, श्वास लागला, वर्षांचा अभ्यास लागला. परंतु त्यांतील प्रत्येक वळण अखेर दोन मिलिमीटर पोलादावरच घेतलेलें होतें. १८९४ सालीं ज्या प्रकारच्या उतारावर डॉइल ह्यास बसून उतरावें लागलें, त्याहून कितीतरी उभे उतार पुढच्या पिढ्यांना उभ्यानें उतरतां आले, ह्यांत लेट्नर ह्याचा वांटा मोठा आहे.

आपल्या देशाचाही ह्या विद्येशीं संबंध आहे. काश्मिरांत गुलमर्ग येथें १९२७ सालीं ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं, काश्मिरांतील लढाई चालू असतांना, जनरल थिमय्या यांच्या पुढाकारानें तेथें लष्कराची स्कीची शाळा निघाली. उंच प्रदेशांतील युद्धाचें शिक्षण देणारी आपल्या सैन्याची गुलमर्ग येथील प्रसिद्ध संस्था ही तिचाच विस्तार होय. हिमालयांत पहारा करणाऱ्या जवानाला ही विद्या क्रीडा म्हणून शिकावी लागत नाहीं. तो तिच्याकडे कर्तव्य म्हणूनच पाहतो. इकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेंही २०२१ सालीं, मिलान व कोर्तिना येथील २०२६ च्या हिंवाळी खेळांसाठीं, स्कीवरील गिर्यारोहणाचा समावेश मान्य केला.

लेट्नर ह्याचें नांव शाळेच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकांत सांपडणार नाहीं. त्यानें राज्य जिंकलें नाहीं कीं ग्रंथ लिहिला नाहीं. एका घसरणीचें कारण त्यानें शोधिलें, आणि तें दूर करण्यांत आपल्या आयुष्याचीं नऊ वर्षें घातलीं. मात्र शोध लावणारा एकच असला तरी तो जिवंत ठेवणारे पुष्कळ असावे लागतात. आज रात्रीं आल्प्समधील एखाद्या घरांत जेवणाचें टेबल आवरून त्यावर कोणी स्की आडवी धरिली असेल, बायको किंवा मुलगा दिवा जवळ करीत असेल, आणि उद्यांच्या पहाटेसाठीं कानशीचा हलका हात चालला असेल. त्या कामाला टाळ्या पडत नाहींत, आणि तें नीट झालें आहे कीं नाहीं हें कळावयाचें तें दुसऱ्या दिवशीं, पहाटेच्या कठीण बर्फावर.